कडू घासाचे रसायन

बारामती,
८ डिसेंबर १९९५

चि. प्रतीक्षा,

तू वर्गातून उठून गेलीस तेव्हा फळ्यावर पाण्याचा रेणू अर्धाच काढून झाला होता. उरलेला पाठ लिहून पाठवीत आहे. या पत्राचे कारण एवढेच आहे. मराठी माध्यमातून अकरावीत आलेल्या मुलांना मी दरवर्षी हे प्रकरण आधी मराठीत सांगतो, त्याच पद्धतीने येथे मांडतो.

तुझे नाव नेहमीप्रमाणे दीर्घ 'ती' घालून लिहिले आहे. शाळेत नाव घालताना तुझ्या आईने ऱ्हस्व लिहून दिले आणि तूही तेच चालवतेस. आईने लिहिले म्हणून शुद्धलेखन बदलत नाही.

पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन असतात. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे अधिक ओढले जातात, त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते. एका रेणूची धन बाजू शेजाऱ्याच्या ऋण बाजूला धरते. हे धरणे फार सैल असते. क्षणात सुटते, क्षणात दुसऱ्या कोणाशी जुळते, आणि म्हणून पाणी वाहते. सजीवाच्या पेशीत जे काही घडते ते या पाण्यात घडते. पाणी नसेल तर बाकी सर्व द्रव्ये असून नसल्यासारखी आहेत.

सोपानमामांनी निरोप पाठवला की तू कळसला आजोळी आल्यापासून धड जेवत नाहीस, चहा आणि बिस्किटाच्या तुकड्यावर दिवस काढतेस. निरोपात अतिशयोक्ती असावी असे मी धरून चाललो आहे. तसे नसल्यास हा हट्ट तुझ्या वयाला शोभत नाही.

दारातून बाहेर पडताना तू म्हणालीस, "आप्पा, तुम्हाला काही झालंच नाही." सर्व वर्गाने ते ऐकले. तुझा रोख कोणत्या प्रसंगाकडे होता ते मला समजते. तुझ्या आईच्या अंत्यविधीनंतर स्मशानातून परतल्यावर तुझ्या आजीने कळसहून भाकरी-पिठले आणले होते. चूल न पेटलेल्या घरात सोयऱ्यांनी आणलेला तो कडू घास कर्त्याने आधी घ्यावा, मग बाकीच्यांनी, ही त्यांच्याकडील रीत. मी ताट बाजूला सारले आणि मला हे मान्य नाही असे सांगितले. तो तत्त्वाचा प्रश्न होता. आणि तेराव्यानंतर मी वर्ग घेतला, कारण वर्ग घेणे हे माझे काम आहे.

इकडे सर्व ठीक आहे. खानावळीचा डबा लावला आहे. मी वेळेवर जेवतो.

तुझे वडील,
म. रा. कोकरे


बारामती,
१९ डिसेंबर १९९५

चि. प्रतीक्षा,

आज मधल्या सुटीत सोपानमामा थेट शिक्षकांच्या खोलीत आले. पायांत चिखलाच्या चपला, अंगावर उसाच्या पाचटाची कुसळे. सर्वजण पाहू लागले. मी त्यांना बाहेर चला म्हणालो. ते बाहेर आले नाहीत.

"दाजी, पोरगी वाळून काडी झालीया," ते म्हणाले. "काल इंदापूरला नेऊन सलाईन लावलं. डॉक्टर म्हणला, रोग काय न्हाय, हिला खायला घाला. आता कुणी घालायचं आन् कसं घालायचं, ते काय त्यानं लिवून दिलं न्हाय."

मी विचारले, माझे पत्र पोहोचले काय?

"पोचलं की. वाचलं आन् उशाखाली सारलं. आई म्हणती, पोटात काय जायचं ते त्यो कागूदच जातोय." मग त्यांनी आवाज खाली आणला, तो अधिकच सर्वांना ऐकू गेला. "आवो दाजी, लेकराला 'घरी ये' म्हणून लिवायचं सोडून तुमी पाणी कशाचं बनतंय ते लिवताय? पाणी काय तिनं बघितलं न्हाय व्हय?"

कोणीतरी हसले. मी घड्याळाकडे पाहिले आणि माझा तास आहे असे सांगितले. माझा तास नव्हता. मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावून बसलो.

आता पाठ. हा लक्ष देऊन वाच.

सलाईनच्या त्या बाटलीत पाण्यात विरघळलेले ग्लुकोज होते. ही साखर शिरेतून थेट रक्तात जाते. जीभ, दात, घसा, पोट यांना तिचा पत्ता लागत नाही. एरवी हीच साखर आपण भाकरीतून मिळवतो. ज्वारीतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ. तिचा एकेक दुवा तोडावा लागतो, आणि प्रत्येक दुवा तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. शरीर हे सर्व खटाटोपाने करते, कारण बाटली ही जगण्याची रीत नाही.

खाणे थांबले की शरीर प्रथम यकृतातील साठा वापरते. तो फार तर एखादा दिवस पुरतो. मग मेद जाळते. मेद जाळूनही मेंदूची भूक पुरती भागत नाही, म्हणून ते प्रथिने मोडून त्यांची साखर करते. प्रथिनांचा वेगळा असा साठा शरीराजवळ नसतो. ती प्रथिने म्हणजे तुझे दंड, तुझ्या पोटऱ्या. हृदय हासुद्धा स्नायूच आहे, आणि मोडायला घेतलेले शरीर त्याला वेगळे ओळखत नाही.

पाठ्यपुस्तकात हे शेवटचे वाक्य नाही. ते मी तुला घाबरवण्यासाठी लिहिले आहे. मी स्वतः घाबरलो आहे. घरातील माणूस असे दिवसादिवसाने कमी होताना मी पाहिलेले नाही. तुझी आई कमी झाली नाही, ती पीठ मळता मळता खाली बसली आणि मेंदूतील रक्तवाहिनी फुटून संध्याकाळच्या आत गेली. त्यात कोणाला काही करता येण्यासारखे नव्हते. येथे येण्यासारखे आहे. येथे फक्त एका घासाचा प्रश्न आहे, आणि तो घास बारामतीत बसून मला तुझ्या तोंडात घालता येत नाही.

काहीही खा. भात खा. गुळाचा खडा खा. मी आग्रह करतो. मी विनंती करतो.

तुझे वडील,
म. रा. कोकरे


बारामती,
४ जानेवारी १९९६

चि. प्रतीक्षा,

रविवारी मी कळसला आलो होतो हे तुला ठाऊक आहे, कारण कडी तू लावलीस.

सणसरपासून पुढे एस.टी. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडली होती. वाटेत काय बोलायचे ते मी ठरवून घेतले होते, क्रमाने. तुझ्या आजी ओट्यावर हरभऱ्याची भाजी खुडीत बसल्या होत्या. त्यांनी मला बसा म्हटले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग म्हणाल्या, "पोरगी आत हाय. दार एरवी उघडं असतंय. तुमचा आवाज आला आन् कडी लागली."

मी दारापाशी उभा राहून ठरवलेले सर्व बोललो. तू ऐकलेस की नाही ते कळण्यास मार्ग नव्हता. आजी मध्येच म्हणाल्या, "मास्तर, हितं परीक्षा न्हाय. बसून बोला."

मी बसलो. मग त्यांनी ते सांगितले, जे मला अडीच महिन्यांत कोणीही सांगितले नव्हते.

"तुमी कडू घास घेतला न्हाय. तितं अडकलंय समदं."

मी त्यांना म्हणालो, "मामी, क्षमा करा, याला शास्त्रीय आधार नाही. मी न जेवण्याचा आणि तिच्या न जेवण्याचा संबंध लागत नाही."

"नसंना का. पोरीच्या गळ्याला कुठं ठावं हाय तुमचं शास्त्र?" त्यांनी भाजीची पाटी बाजूला ठेवली. "तुमी ताट सारलं, तवा तिच्या हातात घास व्हता. मी बघितलं. तुमच्या तोंडाकडं बघत बसली व्हती, तुमी घेतला की घ्यायचा म्हणून. तुमी म्हणला, मला मान्य न्हाय. तिनं त्यो घास गपकन खाली ठिवला. त्यो अजून तितंच हाय बघा. कुणी उचललाच न्हाय."

प्रतीक्षा, मी तुझा हात पाहिला नव्हता. मी कोणाकडेच पाहत नव्हतो.

परत येताना मी स्वतःला हे पटवीत होतो की वृद्ध स्त्रियांचे असे बोलणे असते. काल बुधवारी प्रयोगशाळेत जे घडले त्यानंतर तसे म्हणता येत नाही. ते तुला सांगतो, कारण वर्गातील मुलांकडून ते तुझ्यापर्यंत येईलच, आणि त्यांच्या तोंडी ते विनोद होईल.

लाळेतील विकराचे प्रात्यक्षिक होते. विकर म्हणजे शरीरातील ते प्रथिन, जे एखादी क्रिया घडवून आणते आणि स्वतः खर्ची पडत नाही. लाळेतील विकर पिष्टाची माळ तोडून तिची साखर करते. आयोडीन घातलेले पिष्ट गडद निळे असते. त्यात लाळ मिसळावी, थोडे थांबावे, निळा रंग हळूहळू जातो. तुझ्या आईसमोर मी या पाठाची तयारी करीत असे तेव्हा ती भाकरी थापता थापता विचारी, "विकर म्हणजे विकारच ना वो?" मी दरवर्षी तिला दुरुस्त करी, आणि ती दरवर्षी तेच विचारी. ती मुद्दाम विचारी हे मला आता लिहिताना कळते आहे.

या प्रयोगात लाळ नेहमी मी स्वतःची देतो. मुलांना संकोच वाटतो म्हणून ही माझी पद्धत आहे. मी चूळ भरली, परीक्षानळी ओठाशी धरली आणि थांबलो. तोंडात काही आले नाही. जीभ फिरवली, गाल आत ओढले. काही नाही. मुले माझ्याकडे पाहत होती. मग चुळबुळ सुरू झाली. शबीना, जी आता तुझ्या बाकावर एकटी बसते, हात वर न करता म्हणाली, "सर, चिंच आणू का? नुसती आठवली तरी सुटतं पाणी."

सर्व वर्ग हसला. तिचा हेतू वाईट नव्हता. तिलाही हसू आवरेना, पण माझ्या तोंडाकडे पाहून ते आवरले. ती उठली, माझ्या हातातील नळी घेतली आणि प्रयोग तिने केला. निळा रंग गेला. मी फळ्याकडे तोंड करून निरीक्षणे लिहीत राहिलो. काय लिहिले ते मला आठवत नाही.

भीती किंवा मोठा आघात झाला की लाळ आटते. हे मी गेली कित्येक वर्षे शिकवतो आहे, चेतासंस्थेच्या प्रकरणात, उदाहरणासह.

त्या दिवशी माझे तोंड असेच कोरडे होते. जीभ टाळूला चिकटली होती. आजींनी ताट पुढे केले तेव्हा मला दिसले की हा घास मी चावू शकेन, गिळू शकणार नाही, आणि सर्व सोयऱ्यांच्या देखत तो तोंडातून काढून ठेवावा लागेल. तुझ्या आईच्या, रतनच्या नावाचा घास. म्हणून मी हाताशी असलेले सर्वांत सोपे वाक्य उचलले. तत्त्वाचे वाक्य. मला ते इतके चांगले बोलता येते की कोणालाही शंका आली नाही, तुलाही.

आणखी एक. खानावळीचा डबा रोज येतो. तो दाराशी बसणारे कुत्रे खाते. ते आता डबेवाल्याची सायकल ओळखते. मीही चहावरच आहे. पट्ट्याला दाभणाने नवी भोके पाडून घेतली आहेत. मी तुला जे सर्व लिहिले, यकृत, मेद, स्नायू, ते आरशात पाहून लिहिले.

तू म्हणालीस मला काही झाले नाही. मला काय झाले ते सांगण्यास माझ्याजवळ या प्रकरणाखेरीज दुसरी भाषा नाही. ही अपुरी पडते आहे हे मला दिसते. दुसरी शिकण्यास वेळ लागेल, आणि तुझ्याजवळ तेवढा वेळ नाही.

आजींना मी वेगळे पत्र घातले आहे. एक मागणे मागितले आहे.

वडील


कळस,
१६ जानेवारी १९९६

प्रतीक्षा,

हे पत्र टपालात टाकायचे नाही. तू दाराच्या आत आहेस आणि मी बाहेर उंबऱ्याशी बसून गुडघ्यावर वही ठेवून लिहितो आहे. अक्षर वाकडे येईल.

काल संक्रांत झाली. यंदा आपल्याला सण नाही, म्हणून गावात कोणी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला नाही. ते बरे झाले.

मी आजींना मागणे केले होते की मला पुन्हा कडू घास द्या. सोपानमामांना ते मुळीच पटले नाही. "आता? इतक्या दिसांनी? दाजी, लोक हसतील. आन् तुमाला तर ह्यातलं काय मान्यच न्हाय."

आजी म्हणाल्या, "हसू दे. मानत न्हायत तर मागाय कशाला आलं असतं? सोपाना, चूल इझव."

त्यांनी खरोखरच पाणी मारून चूल विझवली. आपल्या चुलीवरचे चालत नाही, दुसऱ्या घरचे लागते, म्हणून शेजारच्या बिस्मिल्लाभाभींनी भाकरी-पिठले करून आणून दिले. ताट ठेवताना त्या मला एवढेच म्हणाल्या, "भाऊ, रतन माझ्या हातची भाकरी खायाची. तुमी बी खावा." आणि पदर ओढून लगेच गेल्या. आवाज तुला ऐकू आला असेल.

मी पहिला घास तोंडात घातला आहे. तो तोंडात असतानाच लिहितो आहे.

तो मुळीच कडू नाही. कशाचीच चव नाही. वाळूसारखा आहे. दात चावतात, पण घास ओला होत नाही, गालांत इकडून तिकडे नुसता फिरतो. सोपानमामा पाण्याचा तांब्या पुढे करतात. मी मानेने नको म्हणतो. पाण्याने गिळता येईल, पण मला तो गिळून टाकायचा नाही.

आजी म्हणतात, "चावा, मास्तर. कुणी मागं लागलं न्हाय."

चावतो आहे.

आता माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी येत आहे आणि ते ओठांवरून तोंडात जात आहे. सोपानमामांनी दुसरीकडे तोंड फिरवले आहे. हे पाणी खारट आहे. लाळेतील विकराला काम करण्यास मीठ लागते, क्लोराइडशिवाय ते मंद राहते. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुले ते उतरवून घेतात. मला ते आज समजले असे म्हणणार नाही. पण तोंड ओले झाले आहे.

घास मऊ झाला. माळ तुटते आहे, प्रतीक्षा, एकेक दुवा.

आणि आता तो गोड लागतो आहे. गुळासारखा नाही, फार थोडा, जिभेच्या कडेला. मी थांबून पुन्हा पाहिले. भास नाही. मी शास्त्राचा माणूस आहे, भासाची नोंद मी केली नसती. चूल विझलेल्या घरातील हा घास कडू म्हणून देतात, आणि तो पुरता चावला तर गोड होतो, आणि हे मी इतकी वर्षे शिकवत असूनही त्या दिवशी एक घास चावून पाहिला नाही.

मी तो गिळला. उतरला.

ताट दाराखालून जाणार नाही. म्हणून भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून या कागदात गुंडाळतो आहे. तो पातळ आहे, फटीतून येईल. कर्त्याने आधी घ्यायचा होता, तो घेतला आहे. तू खाली ठेवलेला घास हाच आहे असे समज. जेवू नकोस. मी तुला जेव म्हणत नाही. फक्त तोंडात ठेव आणि चाव, आणि काय होते ते मला सांग. निरीक्षण कळव.

आप्पा


त्याच दिवशी, थोड्या वेळाने

प्रतिक्षा,

तुझी चिठ्ठी फटीतून आली. माझ्याच पत्राचा कोपरा फाडून लिहिलेस. "चावतेय. अजून गोड लागत नाही." खाली सही, ऱ्हस्व 'ति'ची. आईने लिहून दिले तसेच. मीही वर तसेच लिहिले आहे, ते बरोबर आहे.

वेळ लागतो. मलाही लागला. थुंकू नकोस, घाईने गिळू नकोस. कोरडे वाटले तर थांब आणि पुन्हा चाव. डोळ्यांतून पाणी आले तर पुसू नकोस, ते तोंडात जाऊ दे. मी वर कारण दिले आहे.

मी उंबऱ्याशीच आहे. सोपानमामा विचारत आहेत, उरलेली भाकरी झाकून ठेवू का. मी म्हणालो, नको, राहू द्या.

आप्पा